न बोलता मिळालेले गुण

२८ सप्टेंबर

ती. बाबांना शि. सा. न.,

वि. वि. झाल्यावर एरवी माझी खुशाली येते. या खेपेला तक्रार आहे, तेव्हा हातातली कात्री खाली ठेवून वाचा.

तशी मी बरी आहे. खोली लहान असली तरी खिडकी ऐसपैस आहे. वरच्या मजल्यावरचा माणूस रोज सकाळी कपाट इकडून तिकडे ओढतो, त्याचं काय हरवलंय कोण जाणे. तुम्ही मला पोहोचवायला आलात तेव्हा हाताने शिवून टांगलेला पडदा अजून तसाच आहे आणि येणारे-जाणारे त्याची चौकशी करतात.

आता वर्गाचं सांगते. वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आपण वर बसायचं आणि सर खाली उभे. सर म्हणजे तेच, तपकिरी कोटवाले, ज्यांच्यासाठी मी हे विद्यापीठ निवडलं. ते एक खटला घेतात आणि पहिल्या रांगेपासून एकेकाला उभं करतात. फिर्यादीची बाजू मांडा म्हणतात. मांडून होते न होते तोच, आता स्वतःलाच खोडून काढा म्हणतात. घाम फुटतो एकेकाला. मी तिसऱ्या रांगेत बसते. माझ्या डावीकडे एक लांबुडकी मुलगी आहे आणि उजवीकडे एक दाढीवाला. लांबुडकीचं झालं की सरांची नजर थेट दाढीवाल्यावर जाते. मधे जणू रिकामी खुर्ची आहे. सुरुवातीला वाटलं, चुकून झालं असेल. आता महिना होत आला. हात वर केला तर गोड हसतात आणि म्हणतात, तुमचं म्हणणं लिहून द्या.

माझी जीभ अडकते हे जगजाहीर आहे, पण या जगात अजून ते कुणाला माहीत नाही. मी सरांसमोर एक अक्षरही उच्चारलेलं नाही. म्हणजे कारण वेगळंच असणार. माझा चेहरा, माझं मूळ, आमच्यासारख्यांनी कोपऱ्यात बसून टिपणं काढावीत अशी कुणाची तरी समजूत. बाबा, या वर्गात बोलण्याला गुण आहेत. त्या गुणांवरून सहाजण निवडणार आणि सत्र संपताना त्यांना सराव न्यायालयात, खऱ्याखुऱ्या न्यायाधीशांपुढे उभं करणार. मी इतक्या लांब आले ती त्या सहांत उभं राहायला. वकिलाने तोंड उघडायचं नाही तर करायचं काय?

माझं डोकं फिरलंय. काय करू ते कळवा. आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेवा, सध्या तेवढाच आधार आहे.

तुमची,
ठकू


१२ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पडद्याचं वाचून बरं वाटलं. कापड हलकं होतं, म्हणून खालची दुमड रुंद ठेवली होती, नाहीतर तो वाऱ्याने नाचला असता.

इकडे गणवेशांचं काम अंगावर आलंय. सगळ्या आया एकाच दिवशी जाग्या होतात आणि सगळ्यांना कपडे उद्या हवे असतात. तुझ्या आईचा गुडघा ठीक आहे, पण मी विचारलं की दुखतो.

आता तुझ्या रागाचं. बाळ, गुरुजनांबद्दल एकदम वाकडं मनात आणू नये. मास्तर एखाद्याला उभं करत नसतील तर त्यालाही काही कारण असेल. सगळीच कारणं वाईट नसतात. ते गृहस्थ सज्जन आहेत, तुझं वाईट चिंतणार नाहीत. तू लेखी काम असं कर की त्यांनी तोंडात बोट घालावं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे विसरू नकोस. आणि तक्रारबिक्रार करण्याच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आपण परक्या घरी शिकायला गेलोय, भांडायला नाही.

जेवत जा वेळेवर. रागाने पोट भरत नाही. आमचा लोभ आहेच, त्याला धक्का लागत नाही.

तुझे,
बाबा


२६ ऑक्टोबर

ती. आत्याला सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी लिहिलं काय, त्यांनी उत्तर दिलं काय. म्हणे झाकली मूठ. म्हणे सर सज्जन आहेत. यांना काय माहीत सर कसे आहेत? सात समुद्रांपलीकडे मशीनवर बसून यांना सज्जनपणा दिसतो, आणि रोज समोर बसणाऱ्या मला दिसत नाही.

तू निदान याच देशात आहेस, म्हणून तुला लिहिते. परवा अर्ध्या सत्राचे गुण लागले. मला तोंडी कामात बरोब्बर मधले गुण आहेत. धड कमी नाहीत, धड जास्त नाहीत. आत्या, मी त्या वर्गात तोंड उघडलेलं नाही. दाढीवाला तीनदा उभा राहिला, तीनदा तोंडघशी पडला आणि त्याला माझ्याहून कमी आहेत. तो माझ्याकडे असा काही बघत होता, की मला वाटलं जमीन दुभंगावी. हे गुण नाहीत, ही भीक आहे. कमी दिले असते तर मी भांडले असते, पण भीक घातलेल्या माणसाने भांडायचं कसं?

म्हणून मी ठरवलंय. विभागप्रमुख बाईंच्या नावाने तक्रार तयार आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, की या सरांनी मला माझ्या मुळामुळे बाजूला ठेवलं. लांबुडकीने वाचून मजकूर तपासून दिला. हे पत्र पेटीत टाकायला निघाले की वाटेतच त्यांचं कार्यालय आहे, तिथे देऊन टाकणार. पुढे जे व्हायचं ते होवो. निवड व्हायला अजून वेळ आहे, त्याआधी मला बोलायला मिळालंच पाहिजे.

बाबांना तूच चार शब्द सुनाव, तू त्यांची लाडकी बहीण आहेस. तुझ्या ड्युट्यांमध्ये स्वतःकडेही बघ. लोभ वाढवलास तरी चालेल, इथे सगळीकडे कमीच पडतोय.

तुझी,
ठकू


२९ ऑक्टोबर

ती. दादाला सा. न.

विनंती करायची माझी वेळ गेली, आता जाब विचारते. तुझ्या लेकीचं पत्र आज हातात पडलं. वॉर्डातून आले ती चपलाही न काढता वाचलं. तिने सरांविरुद्ध तक्रार दिली आहे. तू काय करून ठेवलंस ते आता तरी कळलं का?

तू तिला पोहोचवायला आलास त्या दिवशी विद्यापीठाच्या जिन्याखाली मी तुला हात जोडून म्हटलं होतं, की दादा, ही शाळा नव्हे आणि पोरगी आता लहान नाही. तू म्हणालास, मी सांगतो तेवढं त्यांच्या भाषेत सांग, अक्कल शिकवू नकोस. मोठा भाऊ म्हणून मी ऐकलं. तुझ्या शेजारी उभी राहून त्या भल्या माणसाला सांगितलं, की हिची जीभ अडकते, हिला चारचौघांत उभं करू नका, आणि आम्ही सांगितलं हे हिला कळू देऊ नका. वर तू खिशातली सुई काढून त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून दिलंस. तो माणूस इतका अवघडला, की त्याने माझ्याकडे बघून शब्द दिला. आणि बिचाऱ्याने तो पाळला.

मी दिवसभर लोकांना सुया टोचते. पण आता टोचणार आहे, असं आधी सांगून टोचते. तू आणि मी तिला न सांगता टोचलंय.

तिला आजच निरोप धाडलाय, की थांब, पण तिने थांबण्याआधीच कागद पोचलेला असणार. ती आपल्या घरातली आहे, पायाला भिंगरी आणि नाकावर राग. तू तिला सगळं लिही. उगाच गोल गोल फिरू नकोस. वहिनीला नमस्कार, आणि तिलाही हे ठाऊक नसेल तर सांग.

लोभ आहे म्हणूनच इतकं तोडून लिहिलं.

तुझी बहीण


८ नोव्हेंबर

ती. बाबांना,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहायला आज हात वळत नाही. या पत्राची एक प्रत आत्यालाही पाठवते आहे, म्हणजे भाषांतराची गरज पडणार नाही.

विभागप्रमुख बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. गोल टेबल, मधे रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. मी माझी तक्रार समोर ठेवली. सर म्हणाले, मी एक शब्द दिला होता, पण आता तो मोडावा लागेल. म्हणाले, सत्र सुरू होण्याआधी तुमचे वडील मला भेटले. सोबत एक बाई होत्या. मी हसले, बाबा. बाईंच्या तोंडावर हसले आणि म्हटलं, हे खोटं आहे, माझे वडील असं करणार नाहीत. मग सरांनी कोट काढून टेबलावर ठेवला. वरून दुसरं बटण. बटणाखाली दोरा मानेसारखा गुंडाळलेला आणि आतून ती दुहेरी गाठ. ती गाठ मी लहानपणापासून माझ्या प्रत्येक फ्रॉकवर पाहिली आहे.

मी त्या माणसाला वंशद्वेष्टा म्हटलं होतं. लेखी, सहीनिशी. माफी मागितली, तक्रार मागे घेतली. ते म्हणाले, काही हरकत नाही, आणि त्याने मला अजूनच लाज वाटली. मग मी त्यांनाही सुनावलं. म्हटलं, माझ्या वडिलांनी सांगितलं ते ठीक, पण तुम्ही मला का नाही विचारलंत? सज्ञान माणूस समोर बसलेला असताना तुम्ही त्याच्या बापाचं ऐकून गुण देता?

खोलीवर आले आणि एकेक आठवायला लागलं. चौथीत कविता म्हणायचा माझा नंबर आला की बाईंना खोकला यायचा. सातवीत धडा वाचता वाचता माझ्या पुढच्या मुलीवर तास थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्यापासून सुरू व्हायचा. कॉलेजात वक्तृत्वाला नाव दिलं तर सर म्हणाले, यादी भरली. वर्षानुवर्षं मी समजत होते, की मी ढ आहे. सगळ्यांना कळलंय, की हिच्याकडून काही व्हायचं नाही, फक्त कुणी बोलत नाही. आता लक्षात येतं, की त्या सगळ्या मास्तरांच्या पँटी आणि बाईंची पोलकी तुमच्याकडेच शिवायला यायची. त्यांची मापं घेता घेता तुम्ही माझं तोंड शिवत होतात.

मला वाटायचं, मी बोलायला घाबरते. घाबरायचं तरी कुठून? मला कधी बोलूच दिलं नाही तुम्ही. मी वकील होईन की नाही ते अजून मलाच ठाऊक नाही, आणि तुम्ही ते जिन्याखाली उभं राहून ठरवून टाकलंत.

मी रागावले आहे. हा राग लवकर उतरायचा नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

कळावे. लोभाचं पुढे बघू.

ठकू


२० नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद. ते रागावर अवलंबून नसतात, म्हणून लिहिले.

तू पत्रात एवढं बोललीस, आता माझं ऐक. दुसरीत असताना तुझ्या बाईंनी तुला बाकावर उभं करून पाढा म्हणायला लावला. तू अडकलीस. वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून. असं तास संपेपर्यंत चाललं. हे मला शिपायाने सांगितलं, तू नाही. तू घरी आलीस ती बोलणं टाकून. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. आई हवी असली की तिचा पदर ओढायचीस. पावसाळा गेला, थंडी आली, तरी घरात तुझा आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धीर काय असतो ते डॉक्टरला काय माहीत, पोर माझी होती.

मग एका दुपारी तू दुकानात चिंध्यांच्या ढिगात बसून चिंध्यांशीच काहीतरी बोलत होतीस. मी कापड कापत होतो. कात्री अर्ध्यात थांबवली आणि तशीच धरून ठेवली, आवाज होऊन तू गप्प बसशील म्हणून. हात भरून आला तरी सोडली नाही. त्या दिवशी ठरवलं, की या पोरीला पुन्हा कुणी बाकावर उभं करणार नाही. त्यासाठी मी दर वर्षी मास्तरांपुढे हात जोडले. कुणाची शिलाई सोडली, कुणाचं काम रांग मोडून आधी दिलं. परक्या देशात, ज्याची भाषा मला येत नाही अशा माणसापुढेही हात जोडले. तुझी लाज गेली म्हणतेस. माझी राहिली होती का?

पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. वकील व्हायचंय ना तुला? मग मांड बाजू आणि दाखव माझं काय चुकलं.

लोभाचं तू पुढे बघणार आहेस, मी थांबतो.

बाबा

ता. क. हे आईचं. तुझं पत्र आल्यापासून यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आणि वर कापडालाच शिव्या घातल्या. मला दोघांनीही काही विचारलेलं नाही, म्हणून मी कुणाच्याच बाजूने नाही. पण तू लिहायची थांबू नकोस. खरमरीत लिहिलंस तरी चालेल.


६ डिसेंबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

बाजू मांड म्हणालात, तर मांडते. दुसरीतल्या त्या मुलीसाठी तुम्ही जे केलंत ते बरोबरच केलंत. तुमचं पत्र वाचून मी रडले, हेही नोंदवून ठेवा. तिच्या वतीने मी तुमचे पाय धरते. पण ती मुलगी मोठी झाली, हे तिच्या वकिलाने बघायला हवं होतं. अशील समोर उभं असताना वकील त्याला न विचारता वर्षानुवर्षं तडजोडी करत बसला. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

आता पुढचं. मी स्वतः सरांकडे गेले. म्हटलं, माझी जीभ अडकते. मला माझ्या पाळीला उभं करा, इतरांपेक्षा जास्त वेळ द्या, आणि मी अडकले की घड्याळाकडे बघू नका. ते म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, हे मी विचारायला आलेले नाही, सांगायला आले आहे. जास्त वेळ मिळायचा इथे नियमच आहे, फक्त तो ज्याचा त्याने मागावा लागतो.

नोव्हेंबरच्या मधल्या एका मंगळवारी लांबुडकीचं झालं आणि सरांनी माझं नाव घेतलं. उभी राहिले. पहिल्याच शब्दाला जीभ टाळ्याला चिकटली. वर्गात नुसती हीटरची घरघर. दाढीवाला स्वतःचे बूट बघू लागला. लांबुडकी मदत म्हणून हळूच शब्द पुटपुटायला लागली, तिला मी हातानेच गप्प केलं. मागे कुणीतरी हसलं. मी त्याचं हसून संपेपर्यंत थांबले, आणि मग बोलले. किती वेळा अडकले ते विचारू नका, पण शेवटपर्यंत गेले. सरांनी विरुद्ध बाजूचा प्रश्न टाकला आणि माझा दुसरा मुद्दा पोकळ आहे असं सगळ्यांदेखत सांगितलं. इतरांना सांगतात तसंच. मला इतकं बरं वाटलं, की खाली बसायचंच विसरले.

त्यानंतर दोनदा उभी राहिले. निवड लागली. सहांत मी नाही. सर म्हणाले, शेवटच्या आठवड्यांचं तुमचं काम सहांत बसणारं होतं, पण सुरुवातीचं काहीच नाही, आधीचे ते मधले गुण खरे नव्हते आणि जे नाही त्याला गुण देता येत नाहीत. ते खरंच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बघीन. पण हे वर्ष माझं होतं, बाबा, आणि ते तुम्ही घालवलंत.

आणखी एक. मी घरी फोन केला की तुम्ही हॅलो म्हणता, आवाज तुटतोय म्हणता, पत्रात सविस्तर लिही म्हणता आणि आईकडे देता. लाइन चांगली असते. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी मी फोन करणार आहे. तो तुम्ही उचलायचा आणि धरून ठेवायचा. मी अडकले तर माझा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. एवढं जमवा.

लोभाचं बघितलं. आहे तिथेच आहे.

ठकू


२ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तू फोन आपटलास. मी तसाच कानाला लावून उभा होतो, शेवटी तुझ्या आईने हातातून काढून घेतला.

सकाळपासून मनाशी घोकत होतो, की मधे बोलायचं नाही. पहिले तीन-चार अडथळे मी नीट पार केले, ते तूही कबूल करशील. मग तू अशी अडकलीस, की श्वाससुद्धा ऐकू येईना. मला वाटलं, पोरगी गुदमरली. आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेला. तुझी आई शेजारी कान लावून होती. ती म्हणते, पुरवलात तो शब्दही चुकीचाच.

मला राग आला. आधी तुझा आला, की बापावर फोन आपटते. मग माझा आला, तो अजून आहे. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी त्याला काय हवं ते ओळखायचं, यावर माझं आयुष्य गेलं. ही खोड एका दुपारभरात जायची नाही.

माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. त्या दुसरीतल्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण तुझं हे वर्ष माझ्यामुळे गेलं, यावर मला उलट बोलता येत नाही. उसवलेलं असतं तर पुन्हा शिवलं असतं. हे कापलं गेलंय.

हे पत्र पोचलं की येणाऱ्या रविवारी पुन्हा फोन कर. मीच उचलीन. उचलल्यावर बोल एवढंच म्हणेन आणि मग तोंडात टाचण्या धरीन. मापाचा कपडा अंगावर बसवताना मी ओठांत मूठभर टाचण्या धरतो, तेव्हा कुणाशी बोलत नाही, बोललो तर जीभ फाटते. तुला हवा तेवढा वेळ घे. तुझं सगळं सांगून झालं की तसं सांग, मग काढीन.

लोभ आहेच. तुझा राग आहे, तोही असू दे.

तुझे,
बाबा